कोल्हापुरात बाग लावताना: आधी आपली हवा ओळखा, मग नागपूर-मेलबर्नला विचारा

वळवाचे दोन पाऊस पडून गेले, की दरवर्षी गल्लीतलं कोणी ना कोणी आमच्या दारात येतं. "काकू, यंदा गच्चीवर काहीतरी लावायचंच. कुठनं सुरुवात करू?" हातात फोन असतो आणि फोनवर परदेशातल्या कुठल्यातरी बागेचा व्हिडिओ. बाग खरंच सुंदर असते. लाकडी वाफे, काळीभोर माती, मुठीएवढे टोमॅटो. पण ती बाग तिथल्या हवेत वाढलेली असते आणि आपली गच्ची कोल्हापुरात.

फुलेवाडीत आमच्या गच्चीवर आणि मागच्या परड्यात मी सतरा वर्षं झाडं लावतेय. माझी नणंद नागपूरला, मावशी रत्नागिरीला, भाची मेलबर्नला आणि धाकटे दीर लंडनजवळ राहतात. सगळ्यांना झाडांचं वेड. आठवडा जात नाही की कुणाचा तरी फोन येतो आणि बोलणं शेवटी कुंड्यांवर येऊन थांबतं. त्यांच्याकडून मी फार शिकले. सुरुवातीला मात्र त्यांचं ऐकून बरीच रोपं घालवलीही. त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांनी त्यांच्या हवेतलं सांगितलं आणि मी ते इथं जसंच्या तसं केलं. नव्या माणसाची ही फेरी वाचावी म्हणून हे क्रमानं लिहितेय.

पहिलं काम: ऊन बघा

कुंड्या आणायच्या आधी एक रविवार गच्चीला द्या. सकाळी ८, ११, दुपारी २ आणि ५ वाजता सावली कुठवर आली ते खडूनं आखा आणि रेघेजवळ वेळ लिहा. संध्याकाळपर्यंत कुठल्या कोपऱ्याला किती तास ऊन मिळतं ते जमिनीवर लिहिलेलं असतं. सहा तासांहून जास्त ऊन येतं तिथं फळभाज्या, गुलाब आणि मिरची. तीन-चार तास येतं तिथं पालेभाज्या, पुदिना, अळू. त्याहून कमी असेल तर शोभेची पानझाडं.

एकदा आखून मात्र भागत नाही. कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळं मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्याला शून्य सावली म्हणतात. या दोन तारखांच्या मधले तीन महिने दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला कलतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर येतो. याचा अर्थ असा, की दक्षिणेकडच्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊन आतल्या भिंतीपर्यंत शिरतं आणि उन्हाळ्यात तिथं दुपारी सावली असते. "दक्षिणेची बाल्कनी म्हणजे वर्षभर ऊन" हे उत्तरेकडच्या थंड देशांत खरं आहे. तेवढ्यावर विसंबून मी मे महिन्यात तिथं मोगऱ्याच्या तीन कुंड्या ठेवल्या आणि कळ्यांची वाट बघत बसले. त्या गच्चीच्या उघड्या कडेला नेल्यावर मग फुलं आली.

दुसरं काम: हवेची वही घाला

शंभर पानी वही पुरे. चार रकाने: तारीख, पाऊस, सकाळचा पारा, आणि झाडांत काय दिसलं. पाऊस मोजायला विकतचं काही लागत नाही. सरळ उभ्या कडांचा स्टीलचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि सकाळी पट्टीनं पाण्याची उंची मोजायची. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी, हेही लक्षात असू द्या. झारीनं पाणी घालताना हा हिशेब उपयोगी पडतो.

वही का, तर आपल्या जिल्ह्यातच दोन-तीन हवा आहेत. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर गगनबावड्याला तो त्याच्या कितीतरी पट पडतो आणि पूर्वेला शिरोळकडं गेलं की शहराच्या जवळपास निम्म्यावर येतो. गगनबावड्याचा माणूस आणि शिरोळचा माणूस एकमेकांना झाडाबद्दल सांगायला लागले, तर तेही दोन देशांतल्या माणसांसारखंच.

वहीत तारखेबरोबर नक्षत्रही लिहा. रोहिणी, मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. आपल्या आज्ज्यांनी पेरण्यांची आठवण या नावांनीच ठेवली. "मृग लागला आणि मिरचीची रोपं लावली" हे डोक्यात पक्कं बसतं, तारीख राहत नाही. पाऊस दरवर्षी नक्षत्र बघून येतो असं नाही, म्हणून तर शेजारी डब्यातला आकडा लिहायचा.

दोन वर्षांची वही झाली, की ती कुठल्याही पुस्तकाहून जास्त कामाची. आमच्या वहीनं मला दाखवलं, की फुलेवाडीत झाडांना सगळ्यांत जड जातो तो मे नव्हे, जुलै. मेमध्ये वळीव येऊन गारवा करून जातो. जुलैत मात्र दहा-दहा दिवस ऊन दिसत नाही, झिम्मड चालू राहते आणि मुळं पाण्यात बसतात.

तिसरं काम: माती

एक पारदर्शक बाटली घ्या. तिचा तिसरा हिस्सा मातीनं भरा, वर पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. झाकण लावून पाच मिनिटं जोरात हलवा आणि खिडकीत ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाला बसते. पोयटा दोन-तीन तासांत बसतो. चिकणमाती दिवसभर, कधी दोन दिवस तरंगत राहते. मी एकदा तीन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या: शिरोळकडची काळी, पन्हाळ्याकडची तांबडी आणि आमच्या परड्यातली. दुसऱ्या दिवशी सकाळी तांबड्या मातीच्या बाटलीतलं वरचं पाणी जवळजवळ निवळलं होतं आणि तळाला खडेवाळूचा जाड थर दिसत होता. काळ्या मातीचं पाणी तेव्हाही दूध कमी घातलेल्या चहासारखं गढूळ. ही काळी माती रानात ऊस पिकवते, कुंडीत मात्र भिजली की लोण्यासारखी होते आणि सुकली की वीट होऊन कुंडीची कड सोडते. पाणी घातलं की त्या फटीतनं सरळ खाली जातं. वरनं कुंडी भिजलेली दिसते आणि मुळं कोरडी राहतात.

कुंडीसाठी मी दोन भाग माती (निम्मी तांबडी, निम्मी काळी), एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भाताचं तूस किंवा कोकोपीट घेते. एका घमेल्याला दोन मुठी निंबोळी पेंड. साखर कारखान्याची मळी कुणी आणून दिली तर नाही म्हणू नका, पण ताजी वापरू नका. ती तापते आणि मुळं भाजते. दोन-तीन महिने ढीग घालून, ओला ठेवून, थंड झाल्यावर वापरा. शेणखताचंही तसंच. हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे.

कुंडी घेताना तळाची भोकं आधी बघा. रोपवाटिकेतनं आणलेल्या प्लास्टिक कुंड्यांची भोकं अर्धवट बुजलेली असतात, ती तापलेल्या सळईनं मोकळी करा. भाजीसाठी बारा इंची कुंडी चांगली, पण भिजल्यावर तिचं वजन वीस-पंचवीस किलोवर जातं. त्यामुळं जड कुंड्या गच्चीच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या रेषेवर ठेवा. जुन्या घराच्या गच्चीवर बाग करायची असेल, तर बांधकामातल्या जाणत्या माणसाला आधी गच्ची दाखवा.

चौथं काम: पहिली झाडं थोडीच

पहिल्या वर्षी पाचाच्या वर जाऊ नका. मेथी, मिरची, कढीपत्ता, गवती चहा, सदाफुली. मेथी चार-पाच दिवसांत उगवते आणि तीन-चार आठवड्यांत खुडायला येते, नव्या माणसाचा धीर त्यानं टिकतो. कोथिंबीर जरा हट्टी. धणे हातानं रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायचे आणि पेरून आठ-दहा दिवस थांबायचं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ती सुखानं येते. एप्रिलात पेरली तर चार पानं येतात न येतात तोच फुलावर जाते. मिरचीचं रोप पहिल्या वर्षी तयारच घ्या. कढीपत्त्याला पहिली दोन वर्षं फार ओरबाडू नका. टोमॅटोचा मोह सगळ्यांना होतो. तो ऑगस्ट-सप्टेंबरात पेरा म्हणजे फळ थंडीत धरेल. दिवसाचा पारा ३५ च्या वर आणि रात्रीही उकाडा, अशा दिवसांत टोमॅटोला फूल येतं आणि गळून जातं.

पाणी, आणि पाचटाची गोष्ट

पाणी वेळापत्रकानं घालायचं नाही. बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर झारी ठेवून द्या. नव्या माणसाकडून झाडं बहुतेक जास्तीच्या पाण्यानंच जातात.

याच बाबतीत मला सगळ्यांत मोठा धडा मेलबर्नहून मिळाला. तिकडं उन्हाळ्यात एखाददिवशी पारा ४० च्या वर जातो आणि वर्षाचा पाऊस आपल्या शहराहून कमी. मी भाचीला विचारलं, "अगं, एवढ्या उन्हात कुंड्या टिकतात कशा?" ती म्हणाली, "मावशी, मातीवर पाचट घालते ना. उसाचं. इथं दुकानात बारीक करून, दाबून, गठ्ठा बांधून विकतात."

मला काय बोलावं सुचेना. आमच्याकडं ऊसतोड झाली, की फडच्या फड पाचट पेटवून देतात. हंगामात संध्याकाळी गच्चीवर काळ्या काजळीच्या काड्या येऊन पडतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात, झटकल्या तर डाग पडतो. आणि तीच वस्तू तिकडं बागेची माणसं पैसे मोजून घेतात. दुसऱ्या दिवशी आम्ही पलीकडच्या रानातनं दोन पोती पाचट उचलून आणलं. शेतकरी दादा म्हणाले, "न्या की, किती पायजे तेवढं न्या."

पाचट वापरायची रीत अशी. त्याच्या कडा करवतीसारख्या असतात, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. वीतभर लांबीचे तुकडे करा आणि पाणी मारून मऊ करा. कुंडीत मातीवर दोन इंचांचा थर घाला, खोडापासून दोन बोटं जागा मोकळी सोडून. मातीत कालवू नका, कारण सुकं पाचट मातीत कुजायला लागलं, की झाडाच्या वाट्याचं नत्र खातं आणि पानं पिवळी पडतात. वर राहू द्या, खालनं ते सावकाश कुजतं. आमच्या मिरचीच्या कुंड्यांना एप्रिलात दोन वेळा पाणी लागायचं, ते एकदाच पुरायला लागलं. थर उचलून बघितला तर खालची माती ओलसर, भुसभुशीत, आणि तिच्यात दोन गांडुळं.

इथं आपल्या हवेचा भाग येतो. हे भाचीच्या तोंडचं वर्षभर जसंच्या तसं चालत नाही. तिच्याकडं जुलैत आपल्यासारखी झड नसते. मी पहिल्या वर्षी पावसाळ्यातही थर तसाच ठेवला, तर खाली गोगलगायींनी घर केलं आणि झेंडूची रोपं रातोरात फस्त झाली. आता मृगाच्या तोंडाला पाचट काढून कंपोस्टच्या पिंपात टाकते आणि पाऊस ओसरला, की दसऱ्याच्या सुमारास नवं घालते.

पावसाळ्याची बाजू रत्नागिरीच्या मावशीनं शिकवली. "पाऊस लागायच्या आत ताटल्या काढून टाक आणि कुंड्या विटांवर चढव," एवढंच ती म्हणाली. हवेची वाट तळातनं मोकळी राहिली, की मुळं कुजत नाहीत. अडेनियम आणि निवडुंगासारखी झाडं छपराखाली घ्यायची, तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहायच्या. नागपूरची नणंद मात्र हसते. "वहिनी, तुमच्याकडं उन्हाळा असतो तरी कुठं?" तिच्याकडं मेमध्ये पारा ४५ गाठतो. होळी झाली, की ती निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधते आणि लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरते. आम्हाला सबंध गच्चीला जाळी लागत नाही. पण पश्चिमेच्या भिंतीलगतच्या कुंड्यांना मार्च-एप्रिलात तिची ही कुंडीत कुंडी फार कामी येते.

दुसऱ्या गावच्या माणसाला विचारायचं कसं

"गुलाबाची पानं पिवळी पडतायत, काय करू?" या प्रश्नाला कुणीही उत्तर देईल आणि ते बहुधा चुकेल. विचारताना आपली हवा बरोबर पाठवायची. माझ्या वहीतला एक खरा प्रश्न असा होता:

"कोल्हापूर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. जुलैचा तिसरा आठवडा. गुलाब, बारा इंची मातीच्या कुंडीत, दोन वर्षांपासून. ऊन एरवी सहा तास, पण गेले नऊ दिवस अजिबात नाही. या आठवड्यात १४० मिमी पाऊस. खत महिन्यापूर्वी, शेणखत दोन ओंजळी. खालची पानं आधी पिवळी, त्यांवर काळे गोल ठिपके. वरचा शेंडा हिरवा. पंधरा दिवसांत बदल एकच: कुंडी विटांवरनं खाली घेतली."

हे लिहिताना शेवटच्या ओळीलाच मला निम्मं उत्तर कळलं होतं. उरलेलं दिरांनी सांगितलं. काळे ठिपके म्हणजे बुरशी. ती पानं काढून लांब टाक, झाडावर राहू देऊ नको, आणि पाणी पानांवर न घालता मुळाशी घाल. लंडनकडंही ओल्या हवेत गुलाबांना हाच रोग होतो, म्हणून त्यांना लगेच ओळखू आला. हवा वेगळी असली तरी असा एखादा तुकडा जुळतो आणि तो शोधायलाच एवढा तपशील द्यायचा.

फोटो तीन काढा: सगळं झाड, आजारी पान समोरून, आणि तेच पान उलटं करून. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण ही सगळी मंडळी पानाच्या पाठीला बसतात. मापासाठी शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. सकाळच्या उजेडात काढा, रात्रीच्या दिव्यात हिरवं पानही पिवळं दिसतं.

नावांची गंमत आपल्या मराठीतच आहे. नणंदेनं एकदा "कोहळ्याचा वेल फार छान आलाय" म्हणून सांगितलं आणि मी पेठ्याचा पांढरा कोहळा डोळ्यांपुढं आणला. विदर्भात कोहळं म्हणजे आपला लाल भोपळा. रत्नागिरीला दोडक्याला शिराळं म्हणतात. मग परदेशातल्या माणसाशी बोलताना किती घोळ होईल! म्हणून झाडाचं शास्त्रीय नाव वहीत एकदा लिहून ठेवा. लाल भोपळा कुकुर्बिटा, पांढरा कोहळा बेनिनकासा. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानासारख्या ठिकाणी झाडांना नावाच्या पाट्या असतात, तिथं एक चक्कर मारली तर बरीच नावं डोळ्यांखालनं जातात.

मापंही जुळवून घ्या. अमेरिकेतली माणसं "पाच गॅलनची बादली" म्हणतात, ती सुमारे १९ लिटरची, म्हणजे रंगाच्या मोठ्या बादलीएवढी. पावसाचा त्यांचा एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. आणि ते तुमचा "झोन" विचारतील. तो झोन फक्त हिवाळ्यातल्या सगळ्यांत कडक थंडीवर ठरतो. पाऊस किती आणि उन्हाळा कसा, ते त्यात येत नाही. त्यामुळं झोन जुळला म्हणून झाड जुळेल असं धरू नका.

त्यांचा सल्ला आपल्या हवेत बसवताना

ऋतूच्या नावावर जाऊ नका, पाऱ्यावर जा. इंग्लंडमधला "उन्हाळी फुलझाडं" हा शब्द वाचून मी पहिल्या वर्षी पिटुनिया मार्चमध्ये लावला. महिन्याभरात तो होरपळला. तिकडचा उन्हाळा म्हणजे दिवसा वीस-पंचवीस अंश. त्याच्या सगळ्यांत जवळ जाणारी आपली हवा डिसेंबर-जानेवारीतली, दिवसा २८-२९ आणि पहाटे चौदा-पंधरा. पिटुनिया, पॅन्झी, स्वीट पी ही त्यांची उन्हाळी आणि वसंतातली फुलं आपल्याकडं ऑक्टोबरात पेरायची, थंडीत फुलतात.

"भरपूर ऊन" या शब्दाचंही तसंच. लंडनला ऐन जूनच्या दुपारीही सूर्य ६२ अंशांच्या वर चढत नाही. आपल्याकडं एप्रिलात तो जवळजवळ डोक्यावर असतो. तिकडं ज्याला पूर्ण ऊन हवं म्हणतात, त्यातल्या पुष्कळ झाडांना इथं सकाळचं ऊन आणि दुपारनंतरची सावली मानवते.

"शेवटचं हिम पडून गेल्यावर पेरा" असं त्यांच्या प्रत्येक पाकिटावर असतं. शहरात आपल्याला हिम माहीत नाही. आपलं वर्ष पावसाच्या तोंडानं उघडतं, म्हणून ती ओळ वाचली की मी स्वतःला विचारते, या झाडाला ऊब हवी आहे की गारवा? ऊब हवी असेल तर मृग, गारवा हवा असेल तर दसरा.

मेलबर्नशी बोलताना सहा महिने पुढंमागं करायचे. आपला जुलै त्यांचा हिवाळा. आणि तिथं ऊन उत्तरेच्या भिंतीला असतं. भाची "उत्तरेच्या भिंतीला टोमॅटो लावलेत" म्हणते, तेव्हा मी ते दक्षिणेची भिंत असं वाचते.

पण एक गोष्ट पाऱ्यानंही कळत नाही, ती म्हणजे दिवसाची लांबी. दीर एका सुट्टीला येताना कांद्याच्या बियांची दोन पाकिटं घेऊन आले. मोठे, गोड कांदे, फोटो बघूनच हरखून गेलो. ऑक्टोबरात पेरले, डिसेंबरात रोपं लावली, आपल्या कांद्याच्या वेळेलाच. पात अशी आली की बघत राहावं, जाडजूड, गुडघ्यापर्यंत. शेजारच्या वाफ्यात आपल्या बाजारातल्या बियांचा कांदा मार्चमध्ये गोळा झाला, एप्रिलात माना टाकल्या, काढून झाला. इंग्लंडचा कांदा मेमध्येही नुसती पात. उपटून बघितलं तर खाली बोटाएवढी पांढरी दांडी. खतात चूक, पाण्यात चूक, सगळं शोधून झालं. कारण मग कळलं. कांद्याचा गड्डा धरतो तो दिवस ठरावीक लांबीचा झाल्यावर. तिकडच्या वाणांना साधारण १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. आपल्याकडं वर्षातला सगळ्यांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आतच संपतो. तो कांदा इथं शंभर वर्षं ठेवला तरी गड्डा धरला नसता. आपला कांदा ११-१२ तासांच्या दिवसाला धरतो, म्हणून इथं येतो.

म्हणजे बाहेरचं काही लावूच नये असं मी म्हणणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग करून बघितले होते. त्यासाठी डोंगर निवडला, तीन हजार फुटांच्या वरचा, गार आणि पावसाचा. आपल्या गच्चीवरही असा एखादा कोपरा असतो. आमच्याकडं पाण्याच्या टाकीची पूर्वेकडची सावली इतर गच्चीहून गार राहते. थंड मुलखातलं काहीही आधी तिथं एका कुंडीत लावून बघते, एक वर्ष, एकच रोप.

बी पाठवू नका

त्या कांद्याच्या वेळी आम्हा दोघांनाही नियम माहीत नव्हता. परदेशातनं बी, रोप, कंद किंवा माती सामानात घालून आणायची नसते. भारतात वनस्पती संगरोध आदेश, २००३ प्रमाणं त्याला आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. ऑस्ट्रेलिया तर याहून कडक. भाचीसाठी कढीपत्त्याच्या बिया पिशवीत घालायला गेले होते, तिनंच थांबवलं. नियम उगाच नाहीत. घाणेरी शोभेचं झुडूप म्हणून बाहेरनं आली आणि आता पन्हाळा-जोतिबाच्या उतारांवर तीच माजली आहे. गाजर गवताची तर प्रत्येक बांधाला ओळख आहे. बियांच्या, मातीच्या आडून रोग आणि किडीही येतात. आता आम्ही एकमेकांना वहीची पानं पाठवतो, फोटो पाठवतो, आणि बी ज्यानं त्यानं आपल्या गावात विकत घ्यायचं.

वही सुरू केली, की आणखी एक करून बघा, आमच्याकडं ते आता ठरूनच गेलंय. २२ डिसेंबरला एक फुटाची लाकडी पट्टी गच्चीवर सरळ उभी करायची आणि सूर्य दिवसातल्या सगळ्यांत वरच्या जागी असताना सावली मोजायची. कोल्हापुरात ही वेळ साडेबाराच्या सुमारास येते. गेल्या वर्षी आमची सावली दहा इंच भरली. रत्नागिरीची तेवढीच, नागपूरची बाराला टेकलेली. लंडनहून दिरांनी कळवलं, "वहिनी, ढगातनं दहा मिनिटं ऊन आलं तेवढ्यात मोजली, पावणेचार फूट." मेलबर्नची तीन इंच, आणि ती दक्षिणेकडं पडलेली. पाची फोटो मी वहीत ओळीनं चिकटवले. खाली भाचीनं विचारलं होतं, "मावशी, मेथी कितवी आता?" मी लिहिलं, "तिसरी. कालच पेरली."